यंत्राने पदरचे घातलेले सूर

मुशायरा असो की कविसंमेलन, मागच्या रांगेतून 'आवाज वाढवा' अशी ओरड होतेच. माइकवाला बटण पिळतो. आवाज मोठा होतो; पण शब्द कळेनासे होतात. शब्दांवरच ज्याचे पोट आणि प्रतिष्ठा, त्या माझ्यासारख्याला हे कोडे जुने आहे. आवाज वाढला की अर्थ का हरवतो?

यंत्राचा हिशेब सरळ असेल, तर आत दुप्पट घातले की बाहेर दुप्पट येते. कागदावर त्याची सरळ रेघ निघते. पण ॲम्प्लिफायरला मिळणाऱ्या वीजदाबाला मर्यादा असते. ती ओलांडू पाहिली की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट छाटला जातो. कर्ण्याचा पडदाही ठरावीक अंतरच पुढेमागे हलतो. इथे रेघ वाकते, आणि जे सूर आत गेलेच नव्हते ते बाहेर पडू लागतात!

हे मोजता येते. सेकंदाला १००० कंपनांचा एकच शुद्ध सूर यंत्रात सोडायचा. बाहेर २०००, ३००० कंपनांचे सूर सापडले, तर ते यंत्राने पदरचे घातलेले. समजा, मूळ सूर १००० मिलिव्होल्ट आहे. उपरे सूर ३० आणि ४०. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ५० येतात. म्हणजे विकृती ५ टक्के. माहितीपत्रकात 'टीएचडी' म्हणून छापतात तो हाच आकडा. मात्र तो किती वॉटवर मोजला, हे जरूर विचारावे. हळू आवाजात सज्जन असलेले यंत्र मोठ्या आवाजात बिघडू शकते.

दुप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट कंपनांचा त्यावरचा पंचम. हे मूळ सुराचे नातेवाईकच. थोडे असतील तर कान खपवून घेतो. खरी परीक्षा दोन सुरांची. ६० आणि ७००० कंपनांचे सूर एकदम सोडले, तर वाकड्या यंत्रातून ६९४० आणि ७०६० कंपनांचेही सूर निघतात. यांचे कुणाशीच नाते नाही. बोलण्यात तर एका वेळी कितीतरी सूर असतात. ते असे एकमेकांत मिसळले की व्यंजनांच्या कडा बुजतात. म्हणून मोठ्या सभेत एकच कर्णा ताणण्यापेक्षा चार कर्णे बेताच्या आवाजात लावणे बरे.

आणि आपला कान? तोही सरळ रेघेचा नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कानातून बाहेर येणारा ध्वनी मोजून दाखवला. आज नवजात बाळाच्या कानात २००० आणि २४०० कंपनांसारखे दोन सूर सोडतात. आतल्या केसपेशी धडधाकट असतील, तर कान १६०० कंपनांचा तिसरा, अगदी क्षीण सूर परत पाठवतो. इवलासा माइक तो टिपतो. बाळ झोपेत असताना काही मिनिटांत ही तपासणी होते.

तो सूर आला नाही, तर लगेच बाळ बहिरे समजू नये. कानातल्या स्रावानेही तो अडतो. तपासणी पुन्हा करावी, डॉक्टर सांगतील त्या पुढच्या चाचण्या कराव्यात. पण टाळू नये. दोष लवकर कळला, तर बाळाच्या कानावर भाषा वेळेत पडते. यंत्रात जी विकृती आपण शून्यावर आणू पाहतो, तीच बाळाच्या कानात ऐकू आली तर आईबापांनी निश्वास टाकावा.