बर्फावर गाडी कशी थांबते?

जानेवारी २०१०. मी तेव्हा जर्मनीत ग्योटिंगेन येथे संशोधनासाठी राहत होतो. शिष्यवृत्तीच्या पैशात काटकसर करून एक जुनी गाडी घेतली होती. थंडी सुरू झाली तसे सगळे सांगू लागले, की हिवाळी टायर बसवून घे. चार टायरांची किंमत ऐकून मी विचार केला, की इंजिनाचा जोर तर पुढच्याच दोन चाकांना मिळतो. मग पुढे दोन हिवाळी टायर बसवले की काम भागेल. गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने बजावले होते, "चार बसव, नाहीतर एकही बसवू नकोस." पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मला तो आपला माल खपवतो आहे असे वाटले. मी दोन वापरलेले टायर दुसरीकडून आणले आणि स्वतःच पुढे चढवले.

रविवारी पत्नी आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन जवळच्या हार्त्स पर्वतात गेलो. चढताना गाडी झकास चालली. माझा हिशेब बरोबर ठरला म्हणून मी मनात खूशही झालो. परतताना उतारावर एक साधे वळण आले. वेग फार नव्हता. मी हलकेच ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग बाजूने पुढे यायला लागला. सुकाणू फिरवून काही उपयोग झाला नाही. अर्धी गिरकी घेऊन गाडी रस्त्याकडेच्या हिमाच्या ढिगात रुतली, तेव्हा तिचे तोंड आम्ही आलो त्या दिशेला होते. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच आमचे नशीब. मुलगी मागच्या सीटवर झोपलेलीच होती.

त्या मिस्त्रीचे म्हणणे बरोबर का होते, हे समजून घेण्यासाठी शाळेतले विज्ञान पुरेसे आहे. म्हणून हा लेख.

घर्षणाचा हिशेब

गाडी ब्रेकमुळे थांबते असे आपण म्हणतो. खरे तर ब्रेक फक्त चाकाला अडवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण. ज्या जागी टायर रस्त्याला टेकतो ती जागा केवढी असते? गाडीचे वजन १२०० किलो धरले, तर एका चाकावर ३०० किलो भार येतो. टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलो असतो. भागाकार केला की सुमारे १३६ चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाएवढी जागा. अशा चार पोस्टकार्डांवर आपला जीव अवलंबून असतो.

थांबण्याचे अंतर काढण्याचे सूत्र नववी-दहावीच्या मुलांनाही काढता येईल: वेगाच्या वर्गाला, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ च्या आसपास असतो. गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या हिमावर घर्षणांक ०.२ धरला, तर अंतर ४९ मीटर होते. ओल्या, गुळगुळीत बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी असू शकतो. मग अंतर ९८ मीटरच्या पुढे जाते. सूत्रात वस्तुमान कुठेच नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. गाडी जड आहे म्हणून ती लवकर थांबेल, हा गैरसमज आहे.

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांबाबतही असाच गैरसमज असतो. अशी गाडी हिमातून निघते सहज, पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. थांबताना तिला कोणताही जादा फायदा मिळत नाही.

रबर गारठते तेव्हा

उन्हाळी आणि हिवाळी टायर दिसायला सारखेच काळे असले, तरी त्यांचे रबर वेगळे असते. रबर रस्त्याला पकडते ते मऊपणामुळे. रस्त्याच्या बारीक उंचवट्यांभोवती ते दबून बसते, त्यांच्या खाचांत शिरते. थंडीत रबराच्या लांब रेणुसाखळ्यांची हालचाल मंदावते. एका विशिष्ट तापमानाखाली ती जवळजवळ थांबते आणि रबर काचेसारखे कडक होते. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराचे हे तापमान शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस असते.

इथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील: "काचसंक्रमण शून्याखाली इतके दूर असेल, तर शून्याच्या आसपास टायर कडक का व्हावा?" उत्तर वेळेत आहे. ब्रेक लागल्यावर रबराला खडबडीत पृष्ठभागाशी जुळवून घ्यायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ मिळतो. रेणुसाखळ्यांना तेवढ्यात हलता आले नाही, तर बोटाने दाबल्यावर मऊ वाटणारे रबरही त्या क्षणापुरते कडकच असते. म्हणून काचसंक्रमण तापमानाच्या बरेच आधी पकड ढिली पडू लागते.

रबर सावकाश गारठल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत जगाने पाहिले. थंडीमुळे रबरी कड्याची चटकन मूळ आकारात येण्याची क्षमता कमी झाली होती. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी आयोगासमोर अशा रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि ते दाखवून दिले.

हिवाळी टायरांत नैसर्गिक रबराचे आणि सिलिकाचे प्रमाण जास्त ठेवून मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते. तापमान ७ अंशांच्या खाली गेले की हिवाळी टायर वापरावेत, असा ढोबळ नियम युरोपात सांगतात. ७ हा काही जादूचा आकडा नाही. फरक हळूहळू पडत जातो. उलट कडक उन्हात हेच टायर जरुरीपेक्षा जास्त मऊ होतात, लवकर झिजतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेतात. म्हणून ते वर्षभर वापरत नाहीत.

हिमाला हिमाची पकड

मराठीत आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत. आकाशातून भुरभुरत पडते ते हिम. पाणी गोठून झालेला कडक थर तो बर्फ. टायरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

हिमाची मूठ दाबली की गोळा होतो, कारण कण एकमेकांना चिकटतात. हिवाळी टायरच्या खोल, रुंद खाचांत हिम शिरते आणि भाराखाली दबून घट्ट होते. हे खाचांतले हिम रस्त्यावरच्या हिमाला पकडते. गाडी घसरायची तर हिमाचा हा जोड आधी तुटावा लागतो. म्हणजे हिमावर टायरला मदत करते ती हिमाचीच ताकद. त्यासाठी खाचा खोल हव्यात. जर्मनीत टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी हिवाळ्यासाठी ४ मिलिमीटरची शिफारस करतात. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटरचे बंधन कायद्यानेच आहे.

याशिवाय हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात. टायर फिरताना त्या किंचित उघडतात आणि शेकडो धारदार कडा तयार होतात. या कडा हिमाला ओरबाडतात आणि बर्फावरचे पाणी बाजूला सारतात.

पण बर्फावर पाणी येते कोठून? अनेक पुस्तकांत उत्तर असते, की दाबामुळे बर्फ वितळतो. आपण हिशेब करून पाहू. बर्फाचा द्रवणांक १ अंशाने खाली आणायला सुमारे १३० वातावरणांएवढा दाब लागतो. टायरचा दाब २ ते अडीच वातावरणे. म्हणजे द्रवणांक जेमतेम ०.०२ अंश खाली येईल! शून्याखाली ५ अंशांवर गाडी घसरते, तिचे कारण हे असू शकत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, अशी कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये मांडली. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने बांधणारे कोणी नसते, त्यामुळे ते सैल राहतात. शिवाय घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि बर्फ वितळतो, हे बाउडेन आणि ह्यूझ यांनी १९३९ मध्ये दाखवले. म्हणूनच शून्याजवळचा बर्फ सर्वांत निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने बरा. नवख्याला हे उलटे वाटते आणि तो फसतो.

निव्वळ बर्फासाठी लोखंडी खिळे बसवलेले टायरही असतात. स्वीडन, फिनलंडमध्ये ते चालतात. पण ते रस्ता खरवडतात आणि धूळ उडवतात. जर्मनीत त्यांना सर्वसाधारण बंदी आहे. जपाननेही १९९० मध्ये कायदा करून त्यांच्यावर निर्बंध घातले.

माझी चूक

आता मिस्त्रीच्या वाक्याकडे वळू. फिरणारे चाक पुढे सहज जाते, पण आडवे सरकायला विरोध करते. हा आडवा विरोधच गाडीला सरळ ठेवतो. चाक घसरू लागले की हा भेद संपतो. मग ते कोणत्याही दिशेला सारखेच सरकते. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. माझ्या गाडीत पुढे पकड भक्कम, मागे उन्हाळी टायर गारठलेले. मागची चाके घसरली, पुढची धरून राहिली. गाडीचा वेग मात्र तिच्या मध्याला पुढे ढकलत होता. पुढे अडथळा आणि मागून ढकल, अशी वस्तू सरळ राहत नाही; ती फिरते.

चारही उन्हाळी टायर असते, तर गाडी चढावरच घसरली असती आणि मी वेळीच मागे फिरलो असतो. दोन हिवाळी टायरांनी मला वर जाण्याचे बळ दिले, पण सुखरूप खाली येण्याचे दिले नाही. अर्धवट सुरक्षा ही अशी फसवी असते.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१० मध्ये, जर्मनीत नियम स्पष्ट झाला: रस्त्यावर हिम, बर्फ किंवा हिमाचा चिखल असेल, तर हिवाळ्याला योग्य टायर सक्तीचे. बंधन तारखेचे नाही, परिस्थितीचे आहे. लोक मात्र 'ऑक्टोबर ते ओस्टर्न', म्हणजे ईस्टरपर्यंत, हे सोपे सूत्र पाळतात. पूर्वी टायरवर 'एम+एस' ही अक्षरे असली तरी चालत असे. पण ती उत्पादकाने स्वतःच छापलेली असत. १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्हच तेथे ग्राह्य धरले जाते. ते हिमावर प्रत्यक्ष चाचणी झाल्यावरच मिळते.

टायर चढवताना

पुढच्या वर्षी मी त्याच मिस्त्रीकडे गेलो. तो चार टायर चढवत असताना त्याच्या प्रत्येक कृतीमागचे विज्ञान मला दिसत होते. टायरवरच्या बाणाची दिशा त्याने पाहिली. उलटा बसला तर खाचा पाणी आणि चिखल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतात. बोल्ट त्याने ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले, म्हणजे चाक एका बाजूला कलत नाही. शेवटी बलआघूर्ण दाखवणाऱ्या पान्याने ठरावीक जोर दिला आणि ५० किलोमीटर चालवून पुन्हा तपासायला सांगितले.

हवेचा दाबही त्याने थोडा जास्त ठेवला. का, ते वर्गात गणित घालून विचारा. गॅरेजमध्ये २० अंशांना दाबमापक २.२ दाखवतो, बाहेर शून्याखाली १० अंश आहेत. मुले २.२ ला २६३/२९३ ने गुणतील आणि चुकतील. दाबमापक वातावरणाहून जास्तीचा दाब दाखवतो. म्हणून खरा दाब ३.२. तो ३.२ × २६३ ÷ २९३ = २.८७ होतो, आणि मापक १.८७ दाखवतो. टायर कुठेही न फुटता हवा 'कमी' झाली!

वर्गात करण्यासाठी

पहिला प्रयोग: ताटलीत पाणी गोठवा. त्यावर खोडरबर ठेवून ताटली हळूहळू तिरपी करा. खोडरबर घसरू लागेल त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे घर्षणांक. १७ अंशांना तो ०.३, तर ६ अंशांना ०.१ येतो. बर्फ फ्रीजरमधून काढल्याबरोबर आणि वर पाणी सुटल्यावर, असा दोनदा प्रयोग करून तुलना करा.

दुसरा प्रयोग: खेळण्यातल्या गाडीची मागची चाके चिकटपट्टीने जखडा आणि गुळगुळीत, तिरप्या फळीवरून ती तोंड खाली करून सोडा. मग मागची मोकळी करून पुढची जखडा आणि पुन्हा सोडा. एका वेळी गाडी सरळ खाली येईल, एका वेळी गिरकी घेईल. कोणत्या वेळी काय होईल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. बहुतेकांचा चुकेल. माझाही चुकला होता. पण फळीवर नव्हे, रस्त्यावर, आणि मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असताना.