कोंबडीचे खाद्य आणि औषधाला न जुमानणारे जंतू

रविवारी वस्तीत घरोघरी ब्रॉयलर शिजतो. भाव काय, कोंबडी ताजी आहे का, एवढे आपण विचारतो. ती काय खाऊन वाढली, हे सहसा विचारत नाही. त्या खाण्याचा आपल्या औषधपाण्याशी संबंध आहे, म्हणून या वेळी त्याविषयी.

ब्रॉयलरच्या खाद्यात मका, सोयाबीनची पेंड, कधी सुक्या मासळीची भुकटी असते. खाद्य ओलसर जागी ठेवले, त्यात उंदरांची, पाखरांची घाण पडली, की साल्मोनेलासारखे जंतू त्यात शिरतात. या जंतूंमुळे माणसाला जुलाब, उलट्या, ताप होतो. १९७० च्या सुमारास पेरू देशातल्या मासळीच्या भुकटीतून असा एक जंतू अमेरिका, ब्रिटन, इस्रायलमधल्या कोंबड्यांत आणि तिथून माणसांत पोचला होता.

दुसरा धोका अँटिबायोटिकचा. पक्षी लवकर वजनदार व्हावा म्हणून खाद्यात ही औषधे थोडी थोडी मिसळण्याची पद्धत पडली. थोड्या औषधाने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. शिवाय एक जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

कोलिस्टिनचे उदाहरण घ्या. इतर औषधे हरली की अत्यवस्थ रुग्णाला डॉक्टर हे शेवटचे औषध देतात. तेच कोंबड्यांनाही दिले जात होते. कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, हे २०१५ साली चीनमध्ये डुकरे, मांस आणि रुग्णांच्या तपासणीत दिसले. भारत सरकारने १९ जुलै २०१९ रोजी जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

याची झळ आपल्याला आधी बसते. चिकनच्या दुकानात, पोल्ट्रीवर राबणारे हात आपलेच. साधे औषध लागू पडले नाही, तर महागडी इंजेक्शने, दवाखान्यातले जास्त दिवस आणि बुडालेली रोजंदारी, सगळे घरावर येते.

मग करायचे काय? कोंबडी खाणे सोडायची गरज नाही. नीट शिजवले की चिवट जंतूही मरतात. मांस हाडापाशी लाल राहू देऊ नका. कच्चे चिकन नळाखाली जोराने धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात. चिकन कापलेल्या सुरीने, पाटावर लगेच कांदा-काकडी चिरू नका. आधी सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा. घरी कोंबड्या पाळत असाल, तर खाद्य कोरडे, झाकून ठेवा आणि पशुवैद्याला विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

आणि स्वतःसाठी: सर्दी-पडशावर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. सर्दी विषाणूने होते, त्यावर ते चालत नाही. पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. डॉक्टरांनी दिलेली मात्रा बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका, उरलेल्या गोळ्या शेजारी देऊ नका. हे औषध आपल्या लेकरांच्या वेळीही चालले पाहिजे.