आठवड्याच्या सुईची चिठ्ठी

“वजन उतरवायचं ते इंजेक्शन आहे का तुमच्याकडं?” हा प्रश्न आता छत्रपती संभाजीनगरातल्या मोठ्या दुकानांपुरता राहिलेला नाही. पैठण रोडवरच्या बिडकीनसारख्या गावातही तो मेडिकलच्या काउंटरवर येऊन पोचला आहे. नियमाप्रमाणे त्याचं उत्तर असं, की चिठ्ठीशिवाय मिळणार नाही आणि कुणाच्याही चिठ्ठीवर मिळणार नाही. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी या औषधांना परवानगी देतानाच अट घातली आहे. ही औषधं एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे तज्ज्ञ, किंवा एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन यांनीच लिहून द्यायची. काही आजारांत हृदयरोगतज्ज्ञांनी. गावातला रोजचा डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा एमबीबीएस असतो. म्हणजे चिठ्ठीसाठी वीस-पंचवीस किलोमीटरवरचं शहर गाठणं आलं.

एक दिवसाचा खाडा, एसटीचं भाडं, तपासणीची फी, वर रक्ताच्या तपासण्या. एवढं करून हाती येणार एक कागद. ऑरिक औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळीवर जाणाऱ्याला हे जड जातं, हे खरं. तरीही हा फेरा चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं. हे औषध सुरू करणं सोपं आहे. ते वाढवायचं कधी, थांबवायचं कधी आणि मध्येच काही बिघडलं तर ओळखायचं कसं, हे अवघड आहे. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर लागतो तो त्यासाठी.

आपल्याकडे सध्या दोन औषधांची चर्चा आहे. टिर्झेपाटाइड हे मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ या नावाने भारतात आलं. सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये वजनासाठी ‘वेगोव्ही’ म्हणून आणि डिसेंबर २०२५ मध्ये मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ म्हणून आलं. त्याची गोळी त्याआधीपासून, २०२२ पासून, मिळते. ही औषधं काम कशी करतात? आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा हार्मोन सुटतो. तो साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला लावतो, पोट सावकाश रिकामं होऊ देतो आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला देतो. शरीरातला हा हार्मोन मिनिट-दोन मिनिटांत विरून जातो. सेमाग्लुटाइडची घडण अशी, की तेच काम ते आठवडाभर करत राहतं. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनचं काम करतं. परिणाम खरा आहे. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत ते २१ टक्क्यांच्या घरात गेलं.

पण चिठ्ठी कुणाला मिळते? टाइप-२ मधुमेह असेल आणि गोळ्यांवर साखर आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर साखरेसाठी हे औषध विचारात घेतात. नुसतं वजन उतरवायचं असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर हवा; किंवा मधुमेह, बीपी यांसारखा वजनाशी जोडलेला एखादा आजार असेल तर २७ च्या वर. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला ३० म्हणजे साधारण ८२ किलो, आणि २७ म्हणजे ७३-७४ किलो. लग्नाआधी पाच-सहा किलो कमी करायचे आहेत, एवढ्यासाठी हे औषध नाही.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवावं लागतं. त्यांनी आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय एकसारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त मानतात, आणि म्हणूनच चांगला डॉक्टर वजनकाट्याबरोबर टेप घेऊन कंबरही मोजतो. किडकिडीत, वजन आपोआप घटत चाललेला, तरीही साखर चढलेली, असा रुग्ण समोर आला तर डॉक्टर या सुईआधी वेगळाच विचार करील. त्या रुग्णाच्या शरीरात इन्सुलिनच कमी पडत असेल, तर भूक मारून त्याचं नुकसानच व्हायचं.

शहरात जाण्याआधी गावातल्या डॉक्टरकडे जा. वर्षानुवर्षांचे आकडे त्यांच्याकडे असतात, नाहीतर घरातल्या पिशवीत. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं सोबत न्यावं. पाकिटं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घरोघरी चालू असते. ग्लिमेपिराइडवर ही सुई चढवली की साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर असा प्रकार होऊ शकतो. म्हणून त्या गोळीचा डोस आधी कमी करावा लागतो. इन्सुलिनचंही तसंच. डॉक्टरने काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताचे खडे आहेत का? डोळ्यांचा पडदा तपासलाय का? साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना विकार उसळू शकतो, म्हणून ही तपासणी सुई सुरू होण्याआधी झालेली बरी. बाईमाणसाला मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. सासूसमोर हे बोलता येत नाही, तेव्हा डॉक्टरने तिला एकटीला विचारायला हवं. यातलं काहीच न विचारता पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडली, तर ती घेऊन मेडिकलवर जाऊ नका.

आता ती चिठ्ठी नीट वाचू. वर डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. मग तुमचं नाव, वय, तारीख. खाली औषधाचं नाव, आणि खरी मेख त्याच्या पुढच्या आकड्यात असते. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. मग ०.५, पुन्हा चार आठवडे. टिर्झेपाटाइड असेल तर सुरुवात २.५ आणि मग ५. पहिल्या महिन्याचा डोस फक्त पोटाला सवय लावण्यासाठी असतो. त्यात वजन फारसं हललं नाही म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून डोस वाढवणारे लोक मग उलट्यांनी हैराण होतात. चिठ्ठीवर पुढच्या भेटीची तारीख नसेल तर मागून घ्या. आणि इंजेक्शनच्या पेनऐवजी कुपी लिहिली असेल तर सिरिंज कोणती, त्यावर कुठल्या रेषेपर्यंत भरायचं, हे तिथेच करून दाखवायला सांगा. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिट असतात, औषध मिलिग्रॅममध्ये. घोटाळा इथेच होतो.

औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रीजरमध्ये गोठलं तर फेकून द्यायचं. फ्रिजबाहेर ते ठरावीक दिवसच टिकतं, आणि तेही ३० अंशांच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आणलेलं इंजेक्शन दिसायला तसंच दिसतं, पण त्याच्यात दम उरला की नाही हे बघून कळत नाही. बर्फाच्या पाकिटात बांधून घ्या, पण बर्फ थेट लागू देऊ नका. पक्कं बिल आणि बॅच नंबर मागा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. जिममधून किंवा ब्यूटी पार्लरमधून मिळणारी सुई म्हणूनच घेऊ नये.

पैशाचं काय? मौंजारो आलं तेव्हा सर्वांत लहान डोसची एक कुपी ३,५०० रुपयांची होती, म्हणजे महिन्याला १४,०००. ओझेम्पिकचा सुरुवातीचा डोस आठवड्याला २,२०० रुपयांना आला. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली, त्यामुळे आता त्याहून स्वस्त इंजेक्शनं आहेत. पण कंपनी बदलली की पेन बदलतो, डोस मोजायची रीत बदलते. स्वस्त मिळालं म्हणून डॉक्टरला न विचारता बदलू नका. घरी घ्यायच्या औषधांचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत नाही. आणि हा खर्च दोन-तीन महिन्यांचा नव्हे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीतच दिसलं आहे. दोन महिने घेऊन पैशाअभावी सोडायचं असेल, तर सुरूच न केलेलं बरं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन फुकट मिळतं, आणि ते नेमाने घेणं याहून शहाणपणाचं आहे. ज्यांची सुई चालू आहे त्यांनी भूक मेली म्हणून नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढू नये. चरबीबरोबर स्नायूही झडतात; भाकरी अर्धी झाली तरी घट्ट वरण, दही, अंडी कमी होता कामा नयेत. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब लागले तर पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरला फोन करायचा.

पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येऊन ती पाठीत गेली, उलट्या थांबेनात, तर रात्र काढू नका. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पोचताच आधी सांगायचं, की आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे, अमुक इतका डोस, शेवटचा अमुक वारी घेतला. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची असली तरी हेच भूलतज्ज्ञांना सांगायचं, कारण पोट सावकाश रिकामं होत असल्याने उपाशी राहूनही त्यात अन्न उरलेलं असू शकतं. चिठ्ठीची एक झेरॉक्स पाकिटात आणि तिचा एक फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.