झाकलेली बरणी : बेने इस्राएलांचा वल्हांडण

श्रोते हो, आपल्या परभणीकडे ज्वारीचे पीठ कालवले की लगेच भाकरी थापून तव्यावर टाकतात. पीठ आंबवत ठेवण्याची गरज नाही. तेव्हा बिनखमिराची भाकर हा एखाद्या धर्मातला मोठा विधी असेल, हे आपल्याला जरा नवलाचेच वाटेल. पण यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचे मर्म त्या भाकरीतच आहे, आणि हा सण मराठी बोलणाऱ्या घरांतूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

ही घरे बेने इस्राएलांची. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांतून हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावेही गावांवरून पडलेली : पेणकर, किहीमकर, नवगावकर. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि वाचलेल्यांचा हा वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते.

वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणे. मिसर देशात इस्राएल लोक गुलामीत होते. तिथल्या घराघरांतला थोरला मुलगा मेला, पण मृत्यू इस्राएलांची घरे ओलांडून गेला, अशी कथा आहे. त्यानंतर त्यांना इतक्या घाईने निघावे लागले की पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. म्हणून सणाच्या दिवसांत खमीर घरात ठेवायचेच नाही. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाकर भाजून झाली पाहिजे, नाहीतर ती चालत नाही. तिला मात्सा म्हणतात.

आता खरी गंमत ऐका. कोकणातल्या या लोकांजवळ धर्मग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती, मिसरची कथाही मागे पडली होती. तरीही वर्षातून एकदा ते एक सण पाळीत. त्याचे नाव अनाशी ढाकाचा सण. अनाशी हे एक आंबट पातळ तोंडीलावणे. या सणात त्याची बरणी झाकून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. का, ते बरणी झाकणारीलाही सांगता आले नसते. पण आंबट वस्तू दूर ठेवायची एवढी खूण स्वयंपाकघराने जपली होती. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या सणाचे नाव नोंदवून ठेवले आहे. तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. विद्वानांनी पोथ्या सांभाळल्या असे आपण नेहमी म्हणतो. इथे सांभाळले ते बायकांनी, तेही पोथी नसताना.

कथा परत आली ती हळूहळू. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे कोचीनकडचे यहुदी शिक्षक आले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगाद्यात तर चित्रेही आहेत आणि त्यांत साड्या नेसलेल्या बायका मात्सा तयार करीत आहेत!

शिक्षकबंधूंनी या रात्रीचा एक भाग मुद्दाम ध्यानात घ्यावा. घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने विचारायचे, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग वडीलधाऱ्यांनी सारी कथा सांगायची. गुलामीची आठवण म्हणून कडू पाला खायचा. चिखलविटांच्या कामाची आठवण म्हणून खजुराचा दाट पाक मात्साला लावायचा. द्राक्षरसाचे चार पेले घ्यायचे. आमच्याकडे काळे मनुके भिजवून केलेले सरबतही त्यासाठी चालत आले आहे, असे बेने इस्राएल सांगतात.

सणाची तिथी आपल्याला ओळखीचीच वाटेल. ती पौर्णिमेची असते, बहुधा चैत्री, एखाद्या वर्षी फाल्गुनी. यहुदी पंचांगही चांद्रमासांचे. १९ वर्षांत ७ अधिक मास धरून ते ऋतूंशी मेळ घालते, जवळजवळ आपल्यासारखेच. सण इस्राएलात ७ दिवस, बाहेर ८.

स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची लोकसंख्या सुमारे २०,००० होती. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. आज भारतात पाच हजारांहूनही कमी लोक उरले आहेत. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या लहान गावी ते जमवणे कठीण झाले आहे. वल्हांडणाचे मात्र तसे नाही. तो घरचा सण. एकच कुटुंब उरले असले, तरी त्यात विचारणारे एक मूल आणि सांगणारा एक मोठा माणूस असला की रात्र साजरी होते.