कातडी इतकी नाजूक, तरी बाळंतपण सुखरूप!

कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो. चिकटपट्टी ओढली तर तिच्याबरोबर कातडीही निघून येते. ‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’ (ई.बी.) हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असा असतो. मग ई.बी. असलेल्या बाईला दिवस गेले तर? पोट ताणणार, कळा येणार, बाळ बाहेर येणार. ही कातडी ते कसं सोसणार?

आपल्या त्वचेचे वरचा आणि खालचा असे दोन मुख्य थर असतात. गोधडीचे थर टाक्यांनी एकत्र राहावेत, तसे हे थर कोलॅजन-७ या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडलेले असतात. ई.बी.च्या ‘डिस्ट्रॉफिक’ प्रकारात तिसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडतं आणि हे धागे कमकुवत होतात किंवा तयारच होत नाहीत. जरा घासलं की थर एकमेकांवरून सरकतात, मधल्या जागेत पाणी भरतं आणि फोड उठतो.

खरी मेख आहे ती या सरकण्यात! सरळ दाब ही त्वचा बऱ्यापैकी सोसते, घासणं मात्र सोसत नाही. आणि पोट वाढतं ते हळूहळू, कशावरही न घासता. त्याहून नवल म्हणजे, अशा अनेक जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने सुखरूप झाली आहे. म्हणूनच केवळ ई.बी. आहे एवढ्यावरून तज्ज्ञ सिझेरियन सुचवत नाहीत. ते करावं लागलंच, तरी टाक्यांची जखम सहसा भरून येते.

प्रसूतिगृहात मात्र रोजच्या सवयी बदलाव्या लागतात. रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी दंडावर मऊ कापसाची घडी ठेवतात. सलाईनची सुई चिकटपट्टीने न चिकटवता सिलिकॉनच्या पट्टीने किंवा बँडेज गुंडाळून बसवतात. बाईला पलंगावर सरकवत नाहीत, अलगद उचलतात. बाळ ओढून काढण्याचा चिमटा आणि व्हॅक्यूम शक्यतो टाळतात, कारण बाळालाही ई.बी. असू शकतो. तीव्र प्रकारात व्रणांमुळे तोंड पुरतं उघडत नाही, पूर्ण भुलीसाठी घशात नळी घालणं अवघड जातं. म्हणून भूलतज्ज्ञ कित्येक आठवडे आधीच तपासून पाठीतून भूल देण्याची तयारी ठेवतात.

आणि बाळाचं काय? आजार अप्रभावी प्रकारचा असेल, तर आईकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात आणि त्यातली एक बाळाला मिळतेच. पण वडिलांकडून चांगली प्रत आली की तेवढी एकच पुरते! आईला आयुष्यभर न मिळालेले ते धागे बाळ तिच्याच पोटात स्वतःसाठी विणून घेतं.