बाटलीतील पाण्याची मुदत आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

मावळात कामशेतजवळील पाले गावच्या डोंगरातील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लहानसा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातील हा लेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो. भदंत इंद्ररक्षिताने सहकाऱ्यांसह येथे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविले असे तो सांगतो. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन शिलालेखांत त्याची गणना होते. वाटसरूंसाठी आणि साधकांसाठी पाणी साठवून ते जपणे हे या भूमीतील इतके जुने पुण्यकर्म आहे. आज वडगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळा येथे हीच साठवण बहुतांशी दुकानदाराच्या हाती आली आहे. पोढीची जागा बाटल्यांच्या खोक्यांनी घेतली आहे. जपण्याचे काम मात्र उरलेलेच आहे.

मुदत पाण्याची की बाटलीची?

निर्जंतुक करून घट्ट बंद केलेले पाणी दूध वा मिठाईप्रमाणे नासत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर अशा बंद पाण्याला मुदतीची मर्यादाच घातलेली नाही. मग बाटलीवर महिने का छापलेले असतात? ती मुदत मुख्यतः बाटलीची आणि झाकणाची असते. प्लास्टिकची पातळ भिंत पूर्णपणे अभेद्य नसते. शेजारी फिनेल, रॉकेल, अगरबत्ती किंवा धुण्याची पावडर ठेवली, तर त्यांचा वास हळूहळू पाण्यात उतरतो. शिवाय छापील मुदतीला एक अट जोडलेली असते : बाटली थंड, कोरड्या, स्वच्छ जागी आणि उन्हापासून दूर ठेवावी. ही अट मोडली, तर त्या तारखेचा भरवसा राहत नाही.

उष्णतेचा हिशेब

बाटलीचे प्लास्टिक बनविताना अँटिमनी नावाच्या धातूचे संयुग वापरले जाते. त्याचा अत्यल्प अंश पाण्यात उतरतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. ६० अंश सेल्सिअस तापमानात हा अंश तेथील सुरक्षित मर्यादेपलीकडे जाण्यास १७६ दिवस लागतात, ६५ अंशांना ३८ दिवस आणि ८० अंशांना जेमतेम सव्वादोन दिवस, असे त्यांना आढळले. सावलीतील दुकानात भीतीचे कारण नाही. परंतु केवळ पाच अंशांच्या फरकाने १७६ चे ३८ होतात, हा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पत्र्याखालचे तापलेले गोदाम, रस्त्याकडेला उन्हात रचलेली खोकी आणि बंद मोटारीची डिकी या जागा पाण्यासाठी नव्हेत.

लोणावळ्याचे दोन हंगाम

भुशी धरणाच्या गर्दीसाठी अनेक दुकानांत पाण्याचा माल उन्हाळ्याच्या अखेरीस भरला जातो. म्हणजे तोच माल आधी मे महिन्याचे ऊन आणि मग घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस सोसतो. ओल धरलेली खोकी खालून खचतात, बुरशी धरते, लेबल सुटते आणि तारीखच वाचता येत नाही. यासाठी माल लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावा. प्रत्येक खोक्यावर आवक-दिनांक लिहावा आणि आधी आलेला माल आधी विकावा. पावसाळा संपताच शिल्लक मालाच्या तारखा पुन्हा तपासाव्यात.

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ नुसार मुदत संपलेला किंवा अस्वच्छ स्थितीत ठेवलेला माल विकल्यास विक्रेता स्वतः जबाबदार ठरतो. उत्पादकाच्या सूचना डावलून माल साठविणारा घाऊक व्यापारीही त्यातून सुटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरील आयएसआय प्रमाणनाची सक्ती उठविण्यात आली. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे पाणी उच्च जोखमीच्या अन्नगटात टाकण्यात आले. त्यामुळे खरेदी करतानाच परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि झाकणाचे सील पाहणे अगत्याचे आहे.

सील उघडल्यानंतर

झाकण फिरताच छापील मुदत संपते. तोंड लावलेल्या बाटलीत जंतू शिरतात. ते पाणी त्याच दिवशी संपवावे. रिकामी बाटली चुरगळून टाकावी, म्हणजे ती पुन्हा भरून विकली जाणार नाही.

पाण्याला काळाची मर्यादा असते, हा विचार जैन घरांना नवा नाही. उकळलेल्या पाण्याचा काळ चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानण्याची परंपरा घरोघरी पाळली जाते. बाटलीवरील तारखेचा या काळाशी संबंध नाही. व्रतधारकांसाठी आणि घाटातून विहार करणाऱ्या साधु-साध्वींसाठी पाणी उकळूनच घ्यावे लागते. पण सावधपणाची सवय मात्र एकच आहे. घरात जो विवेक पाण्याच्या हंड्यापाशी पाळला जातो, तोच दुकानातील खोक्यांपाशी पाळला, तर अनोळखी प्रवाशाची तहान निर्धोकपणे भागेल.