रंध्यावरील नाव

नव्या दारावरून किंवा टेबलावरून हात फिरवला, की लाकडाचा गुळगुळीतपणा आपल्याला सुखावतो. हा गुळगुळीतपणा लाकडाच्या अंगी मुळात नसतो. करवतीने कापलेली फळी खरबरीत असते. तिच्यावरून रंधा फिरू लागतो, पातळ सालपटे निघू लागतात, तेव्हा कुठे ती सपाट होते. रंधा हे फार प्राचीन अवजार आहे. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगराच्या अवशेषांतही रंधे सापडले आहेत. परंतु आज जगभर वापरल्या जाणाऱ्या लोखंडी रंध्याचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. हा इतिहास अमेरिकेतील स्टॅन्ली या कंपनीचा आहे आणि तितकाच लेनर्ड बेली या कारागिराचाही आहे.

बेलीने काय साधले हे समजण्यासाठी जुन्या रंध्याची अडचण लक्षात घ्यावी लागते. पूर्वी रंधा म्हणजे घट्ट लाकडाचा एक ठोकळा असे. त्याच्या तिरक्या खाचेत पोलादी पाते बसवून ते पाचरीने आवळत. सालपट जाड निघावे असे वाटले, तर पात्याच्या डोक्यावर हातोडीने हलकेच ठोकावे लागे. पातळ हवे असेल, तर ठोकळ्याच्या मागच्या अंगावर ठोकावे लागे. एक ठोका जास्त बसला, की पाते अधिक बाहेर येई व लाकडात रुतून बसे. शिवाय पावसाळी हवेत ठोकळा फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि सततच्या घर्षणाने त्याचा तळ झिजे. पाते नेमके लावणे ही वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी विद्या होती.

लेनर्ड बेलीचा जन्म 1825 साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. तो स्वतः लाकडी सामान घडवणारा कारागीर होता. ठोकाठोकी न करता पाते पुढे-मागे कसे सरकवता येईल, या एकाच प्रश्नाचा त्याने अनेक वर्षे ध्यास घेतला. 1867 साली त्याने आपल्या रचनेचे पेटंट, म्हणजे एकस्व, मिळवले. या रचनेत पात्याच्या मागे पितळेची एक लहान चकती असते. ती बोटाने फिरवली, की तिला जोडलेली तरफ पाते अगदी केसभर पुढे किंवा मागे नेते. पाचरीच्या जागी लोखंडी पकड आली. आता कारागिराला काम न थांबवता, रंधा हातात असतानाच, सालपटाची जाडी ठरवता येऊ लागली.

कल्पना उत्तम होती. परंतु ती हजारो सुतारांपर्यंत पोहोचवण्यास मोठा कारखाना आणि विक्रीची व्यवस्था हवी होती. कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन या गावी 1857 साली स्थापन झालेली स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनी तोवर मुख्यतः मोजपट्ट्या आणि पाणसळ तयार करत असे. 1869 साली तिने बेलीचा व्यवसाय व त्याची एकस्वे विकत घेतली. बेलीही तिच्यासाठी काम करू लागला. कंपनीने रंध्यांना क्रमांक दिले. सुमारे 9 इंच लांबीचा चार क्रमांकाचा रंधा अखेरचा हात फिरवण्यासाठी, 14 इंचांचा पाच क्रमांकाचा सर्वसाधारण कामासाठी, तर 22 इंचांचा सात क्रमांकाचा लांब फळ्यांच्या कडा सरळ करण्यासाठी. हे क्रमांक पुढे सुतारकामाच्या भाषेचाच भाग झाले.

मात्र हे सहकार्य टिकले नाही. काही वर्षांतच मतभेद झाले. बेलीने कंपनी सोडली, हार्टफर्ड येथे ‘व्हिक्टर’ नावाचे निराळे रंधे काढले आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर 1880 च्या दशकात ते व्हिक्टर रंधेही स्टॅन्लीच्या ताब्यात गेले. स्टॅन्लीतील जस्टस ट्राउट या संशोधकाने 1884 साली पाते डावी-उजवीकडे सरळ करणारी तरफ जोडली आणि रंध्याला बहुतांशी आजचे रूप आले. 1905 साली बेलीचे निधन झाले. त्याच सुमारास स्टॅन्लीच्या रंध्यांवर पुढच्या टोकाला ‘बेली’ ही अक्षरे ओतलेली दिसू लागली होती. ज्याच्याशी वाद झाला, त्याचेच नाव कारागिरांच्या विश्वासाची खूण ठरले होते.

एकस्वाचा हक्क कायमचा नसतो. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार तो 17 वर्षे टिके. मुदत संपताच इतर कारखान्यांनाही बेलीची रचना वापरणे मोकळे झाले. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात 1931 पासून ‘रेकॉर्ड’ या नावाचे रंधे याच धर्तीवर निघू लागले. आपल्या देशात पंजाबातील जालंधर येथे तयार होणाऱ्या लोखंडी रंध्यांची घडणही मुख्यतः अशीच असते.

स्टॅन्लीची पुढील वाटचाल चढउतारांची आहे. 1920 साली ती कंपनी त्याच गावातील कड्या-बिजागऱ्या बनवणाऱ्या स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीन झाली. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाली, तेव्हा रंध्यांवरील चकत्या कठीण रबराच्याही होऊ लागल्या. युद्धानंतर विजेवर चालणारी यंत्रे आली, हातरंध्याची मागणी घटली आणि त्याच्या घडणीतील पूर्वीची काळजीही ओसरली. म्हणूनच आज अनेक जाणकार कारागीर जुने रंधे शोधून, गंज काढून, पात्याला धार लावून पुन्हा कामाला जुंपतात. 2010 साली ब्लॅक अँड डेकरशी एकत्र येऊन कंपनीने नवे नाव धारण केले.

कारखान्याचा इतिहास म्हणजे केवळ खरेदी-विक्रीचा हिशोब नव्हे. बेलीकडे भांडवल नव्हते, तर कंपनीकडे त्याच्यासारखी कारागिराची नजर नव्हती. दोन्ही एकत्र आल्यावरच चांगले अवजार सामान्य सुताराच्या हाती पोहोचले. त्या व्यवहारात बेलीचा कारखाना गेला, त्याच्या एकस्वांवरील हक्कही गेला. तरीही आज कोठेही एखादा सुतार रंध्यामागची चकती बोटाने फिरवतो, तेव्हा त्याचे श्रम हलके करणारी युक्ती बेलीचीच असते.